मॉड्युलर ग्रुपचे ग्राफ हाताने कसे काढायचे: नवख्यांसाठी √२ पासून √६१ पर्यंत

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचे विषय वाटले गेले, तेव्हा माझ्या वाट्याला "मॉड्युलर ग्रुपच्या क्रियेतून मिळणारे ग्राफ आणि संख्या सिद्धांत" असं लांबलचक नाव आलं. पहिले दोन महिने मी भलत्याच गोष्टी वाचत बसलो. हायपरबोलिक भूमिती वाचली, मॉड्युलर फॉर्मवरच्या नोट्सची झेरॉक्स काढली आणि प्रत्येक ठिकाणी तिसऱ्या पानावर अडकलो. विषय सुटला तो मे महिन्यात, नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेल्या ड्रॉइंग शीटवर. कूलरच्या वाऱ्याने शीट उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार स्टीलचे ग्लास ठेवले होते आणि मी जमिनीवर पालथा पडून त्रिकोण काढत होतो. चंद्रपूरचा रूममेट म्हणाला, "कायले त्रिकोण काढून राहिला बे? एलिमेंटरीची परीक्षा देऊन राहिला का?"

त्या शीटवर जे केलं तेच इथे क्रमाने लिहितो. एक वर्तुळ स्वतःच्या हाताने पूर्ण केल्याशिवाय प्रमेयांच्या वाटेला जाऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

१. "ग्राफ" म्हणजे आलेख, हे विसरा

मराठी माध्यमातून आलेल्यांची पहिली गफलत इथेच होते. ग्राफ म्हटलं की आपल्याला आलेख कागद आणि दोन अक्ष दिसतात. इथला ग्राफ मेट्रोच्या नकाशासारखा असतो. ऑरेंज लाइन, अ‍ॅक्वा लाइन आणि दोन्ही जिथे भेटतात ते सीताबर्डी. खापरी किती किलोमीटरवर आहे याच्याशी नकाशाला देणंघेणं नाही. कोणतं स्टेशन कोणत्या रेषेने कोणाला जोडलंय तेवढंच तो सांगतो. आपल्या ग्राफमध्ये प्रत्येक स्टेशन म्हणजे एक संख्या. रेषा दोनच रंगांच्या, आणि प्रत्येक स्टेशनवर दोन्ही रंगांच्या रेषा येतात. म्हणजे प्रत्येक स्टेशन सीताबर्डीच.

२. काय काय जवळ हवं

- नववीचं गणित भाग १ चं पुस्तक. त्यातलं करणी, अनुबद्ध जोडी आणि छेदाचं परिमेयीकरण पक्कं हवं. हसू नका, मला ते पुन्हा काढावं लागलं.
- ग्रुप आणि ऑर्बिट म्हणजे काय, एवढा बीएस्सीचा भाग. ऑर्बिटला मी पुढे कक्षा म्हणतो.
- मोठी शीट, पेन्सिल, खोडरबर, लाल आणि निळा पेन.
- साधा कॅल्क्युलेटर, फक्त चिन्ह तपासायला.
- सेजमॅथ किंवा पारी-जीपी, ही गणिताची सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट मिळतात. पण आत्ता उघडू नका.

३. दोनच क्रिया शिका

मॉड्युलर ग्रुपची व्याख्या अशी: दोन बाय दोनच्या मॅट्रिक्स, चारही घरांत पूर्णांक, निश्चयक १, आणि सगळी चिन्हं एकदम बदलली तरी मॅट्रिक्स तीच धरायची. व्याख्या बरोबर आहे, पण तिच्यावरून चित्र काढता येत नाही. चित्रासाठी या ग्रुपचे दोन जनक घ्या. पुस्तकांत त्यांना एक्स आणि वाय म्हणतात, मी पलटी आणि फेरी म्हणतो.

पलटी: स → −१/स
फेरी: स → (स − १)/स

पलटी दोनदा केली की मूळ संख्या परत येते. फेरी तीनदा केली की परत येते. २ घेऊन बघा: २ → १/२ → −१ → २. या दोन नियमांपलीकडे दोघींमध्ये तिसरं कुठलंही नातं नाही आणि ग्रुपमधला प्रत्येक घटक या दोघींच्या साखळीने बनतो. म्हणून चित्रात फेरीचे त्रिकोण (लाल) आणि त्रिकोणांना जोडणाऱ्या पलटीच्या रेघा (निळ्या) एवढंच असतं. या ग्रुपसाठी अशी चित्रं काढण्याची पद्धत ग्रॅहम हिगमन यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी आणली. पुस्तकांत त्यांना कोसेट डायग्राम म्हणतात.

सापळा: त्रिकोणाची दिशा आधीच ठरवून शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मी फेरी घड्याळाच्या उलट दिशेने धरतो. माझी पहिली शीट फुकट गेली, कारण अर्धे त्रिकोण एका दिशेने होते आणि अर्धे दुसऱ्या.

४. दशांश सोडा, त्रिकूट धरा

कोणत्या संख्यांवर ही क्रिया बघायची? परिमेय संख्यांवर बघितली तर सगळ्या परिमेय संख्या आणि सोबत अनंत, अशी एकच कक्षा मिळते. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यातून फॅरे ग्राफ निघतो. आपण करणी घेऊ. न ही पूर्ण वर्ग नसलेली धन संख्या, आणि संख्या अशा:

(अ + √न)/क

यात अ आणि क पूर्णांक, शिवाय ब = (अ² − न)/क हाही पूर्णांक, आणि अ, ब, क यांचा मसावि १. संख्येऐवजी (अ, ब, क) हे त्रिकूट लिहायचं. छेदाचं परिमेयीकरण एकदा केलंत की दोन्ही क्रियांची सूत्रं निघतात:

पलटी: (अ, ब, क) → (−अ, क, ब)
फेरी: (अ, ब, क) → (ब − अ, ब − २अ + क, ब)
दोनदा फेरी: (अ, ब, क) → (क − अ, क, ब − २अ + क)

ही सूत्रं एकदा स्वतः काढा आणि मग शीटवर डकवून ठेवा. पुढे वर्गमूळ कुठेच लागत नाही, नुसती बेरीज-वजाबाकी उरते. प्रत्येक पायरीनंतर अ² − बक = न येतं का तेवढं बघा. नाही आलं तर शेवटची ओळ खोडा.

सापळा: √न च्या आधी नेहमी अधिक चिन्हच हवं. म्हणून −√२ चं त्रिकूट (०, २, −१) होतं. वजा चिन्ह छेदात जातं. हे विसरलं की √२ आणि −√२ यांचं त्रिकूट एकच दिसतं आणि सगळा घोळ होतो.

५. दुटप्पी संख्या ओळखा

या विषयातली खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

प्रत्येक संख्येला तिची अनुबद्ध संख्या असते, म्हणजे √न च्या जागी −√न टाकून येणारी. दोन्हींची चिन्हं बघा. दोन्ही धन असतील, दोन्ही ऋण असतील, किंवा एक धन आणि एक ऋण. तिसऱ्या जातीला इंग्रजीत अँबिग्युअस म्हणतात, मी दुटप्पी म्हणतो. त्रिकूटावरून ओळखणं सोपं आहे: ब आणि क यांची चिन्हं विरुद्ध असली की संख्या दुटप्पी.

आता फेरी चिन्हांचं काय करते ते पाहा. ऋण संख्या १ पेक्षा मोठी होते, १ पेक्षा मोठी असेल ती ० आणि १ च्या मध्ये जाते, आणि तिथली परत ऋण होते. म्हणजे प्रत्येक त्रिकोणात नेमका एकच कोपरा ऋण. अनुबद्ध संख्यांचाही तसाच त्रिकोण असतो आणि त्यातही नेमका एकच कोपरा ऋण. हे दोन ऋण कोपरे एकाच जागी आले तर त्रिकोणात एक "दोन्ही ऋण" आणि दोन "दोन्ही धन". वेगवेगळ्या जागी आले तर दोन दुटप्पी आणि तिसरा "दोन्ही धन". तिसरी शक्यता नाही. पलटी दोन्ही चिन्हं उलटवते, म्हणून दुटप्पीची पलटीही दुटप्पीच.

म्हणजे प्रत्येक दुटप्पी स्टेशनवरून दुटप्पी शेजाऱ्याकडे जाणाऱ्या वाटा दोनच: एक लाल, एक निळी. दुटप्पी स्टेशनं किती? ब आणि क विरुद्ध चिन्हांचे असतील तर न − अ² हा धन, म्हणजे अ² न पेक्षा लहान. अ ला मोजक्याच किमती आणि क ला मोजकेच विभाजक. यादी संपते. मर्यादित स्टेशनं आणि प्रत्येकाला दोनच वाटा, म्हटल्यावर चालत राहिलात की वर्तुळ बंद होणारच.

ज्या कक्षेत तुम्ही सुरुवात केली तिथे दुटप्पी नसेलच तर? असं होत नाही. "दोन्ही धन" संख्येवरून त्रिकोणातल्या "दोन्ही ऋण" कोपऱ्यावर जा आणि पलटी करा. परत "दोन्ही धन" मिळेल, पण अ ची चिन्हाशिवायची किंमत कमी झालेली असेल. धन पूर्णांक कायम घटत राहू शकत नाही, तेव्हा कधीतरी दुटप्पी त्रिकोण लागतोच. प्रत्येक कक्षेत असं वर्तुळ एकच असतं, हे कैसर मुश्ताक यांनी १९८८ मध्ये दाखवलं. कक्षा अनंत असते, पण तिची ओळख या एका वर्तुळात आहे. बाकीचा सगळा भाग त्या वर्तुळावर उगवलेल्या फांद्यांचा.

६. √२ चं वर्तुळ हाताने पूर्ण करा

न = २. आधी दुटप्पींची यादी करा. अ = ० असेल तर बक = −२, म्हणून क = १, −१, २, −२. अ = १ किंवा −१ असेल तर बक = −१, म्हणून क = १ किंवा −१. एकूण ४ + ४ = ८. आता √२ पासून निघा. प्रत्येक त्रिकोणात एकदा फेरी करून बघा. दुटप्पी मिळाली नाही तर दोनदा करा.

√२ (०, −२, १)
दोनदा फेरी → −१ − √२ (१, १, −१)
पलटी → −१ + √२ (−१, −१, १)
फेरी → −√२ (०, २, −१)
पलटी → √२/२ (०, −१, २)
फेरी → १ − √२ (−१, १, −१)
पलटी → १ + √२ (१, −१, १)
दोनदा फेरी → −√२/२ (०, १, −२)
पलटी → √२

आठही स्टेशनं, चार त्रिकोण, वर्तुळ बंद. शेवटची ओळ लिहिताना मला जो आनंद झाला तो त्यानंतर डिग्री हातात आली तेव्हाही झाला नाही, खरं सांगतो.

यादीतली सगळी स्टेशनं एकाच वर्तुळात आली, म्हणजे न = २ साठी कक्षाही एकच.

७. आता ३, ५ आणि ७ करा. ८ ला हात लावायच्या आधी हे वाचा

दुटप्पींची एकूण संख्या आधी सूत्राने काढून ठेवा. न ला १ सोडून कुठल्याही वर्ग संख्येने भाग जात नसेल तर:

एकूण = २ × (न चे विभाजक) + ४ × (न − १, न − ४, न − ९ … यांच्या विभाजकांची बेरीज)

वर्ग न पेक्षा लहान असेपर्यंतच जायचं. २ साठी ४ + ४ = ८. ३ साठी ४ + ८ = १२. ५ साठी ४ + ४ × (३ + १) = २०. ७ साठी ४ + ४ × (४ + २) = २८. हा आकडा शीटच्या माथ्यावर लिहा. वर्तुळांची बेरीज याच्याशी जुळलीच पाहिजे.

न = ३ मध्ये √३ पासून निघालात तर सहा स्टेशनांतच परत येता: √३, −(१ + √३)/२, √३ − १, (१ − √३)/२, १ + √३, −√३/३. बाकीची सहा दुसऱ्या वर्तुळात आहेत आणि −√३ त्यांच्यात आहे. तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता: √३ आणि −√३ एका कक्षेत आहेत का? √२ च्या धुंदीत मी "हो" म्हणालो. बाहेरून आलेल्या सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि खडू माझ्या हातात दिला. पुढची दहा मिनिटं मी विसरायचा प्रयत्न करतोय.

नियम असा: वर्ग वजा न-पट वर्ग बरोबर −१ हे समीकरण पूर्णांकांत सुटत असेल तरच √न आणि −√न एकाच कक्षेत येतात. २ साठी सुटतं, कारण १ − २ = −१. ३ साठी सुटत नाही, कारण कुठल्याच वर्गाला ३ ने भागून बाकी २ उरत नाही. ७ चंही तसंच, म्हणून तिथे १४ आणि १४ अशी दोन वर्तुळं पडतात.

न = ५ मध्ये वेगळा सापळा आहे. ४ − ५ = −१, म्हणून √५ आणि −√५ सोबत आहेत, तरीही वर्तुळं दोन निघतात: १६ आणि ४. कारण ब आणि क दोन्ही सम असतील तर दोन्ही क्रिया ते सम-पण जपतात. सूत्रं पुन्हा बघा, दिसेल. (१ + √५)/२, म्हणजे सुवर्ण गुणोत्तर, या चारांच्या वर्तुळात आहे: ते स्वतः, त्याचं ऋण, त्याचा व्यस्त आणि व्यस्ताचं ऋण. न ला ४ ने भागून बाकी १ उरत असेल तर ही फाटाफूट ठरलेलीच.

आणि ८? त्याला ४ ने भाग जातो. (२ + √८)/२ ही संख्या यादीत शिरते, पण ती प्रत्यक्षात १ + √२ आहे. तिचं त्रिकूट (२, −२, २), मसावि २. अशा आठ पाहुण्या संख्या बाहेर काढाव्या लागतात. मसाविची अट लोक व्याख्येत वाचतात आणि मोजताना विसरतात.

८. वळणं वाचा

हा भाग मला कुणी आधी सांगितला असता तर एक महिना वाचला असता.

वर्तुळावर चालताना प्रत्येक त्रिकोणात "एकदा" फेरी केली की "दोनदा", ते शेजारी लिहून ठेवा. √२ साठी: दोनदा, एकदा, एकदा, दोनदा. गोलाकार वाचलं तर सलग दोन "दोनदा" आणि सलग दोन "एकदा". म्हणजे २, २. √३ साठी: दोनदा, एकदा, दोनदा, गोलाकार वाचून २, १.

आता √२ चा कंटिन्यूड फ्रॅक्शन काढा: पूर्णांक भाग बाजूला ठेवा, उरलेल्याचा व्यस्त घ्या, पुन्हा पूर्णांक भाग, पुन्हा व्यस्त. √२ साठी १ नंतर २, २, २… असं चालू राहतं. √३ साठी १ नंतर १, २, १, २… तुमची वळणं हीच. आवर्तनाची, म्हणजे परत परत येणाऱ्या भागाची, लांबी सम असेल तर त्यातल्या आकड्यांची बेरीज म्हणजे त्रिकोणांची संख्या. लांबी विषम असेल तर आवर्तन दोनदा घ्यायचं. स्टेशनं त्रिकोणांच्या दुप्पट. √७ चं आवर्तन १, १, १, ४, बेरीज ७, स्टेशनं १४. √५ चं आवर्तन नुसतं ४, विषम लांबी, म्हणून ८ त्रिकोण आणि १६ स्टेशनं. जुळलं.

आणखी एक गोष्ट. "दोनदा फेरी, मग पलटी" म्हणजे स → स − १. "एकदा फेरी, मग पलटी" म्हणजे स → स/(१ − स). √२ च्या वर्तुळाची पूर्ण प्रदक्षिणा या दोघींनी जोडली की मिळतं:

स → (३स − ४)/(−२स + ३)

√२ टाकून बघा, √२ च येतं. यातले ३ आणि २ घ्या: ३² − २ × २² = १. प्रदक्षिणेतून "वर्ग वजा न-पट वर्ग बरोबर १" या समीकरणाचं धन पूर्णांकांतलं सर्वांत लहान उत्तर आपोआप पडलं.

९. संगणक आता उघडा

न = १० च्या पुढे हाताने करण्यात अर्थ नाही. पायथनमध्ये दहा-बारा ओळी पुरतात: त्रिकूट, दोन सूत्रं, पाहिलेल्या त्रिकूटांची यादी. पायथनचे पूर्णांक कितीही मोठे होतात, तेव्हा ती काळजी नाही. फक्त वर्गमूळ दशांशात काढून तुलना करू नका. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये वर्तुळ बंदच होईना, कारण बाराव्या दशांशस्थळी संख्या किंचित सरकत होती आणि संगणक तिला नवीन स्टेशन समजत होता. सेजमॅथ चित्र काढून देतं, पण शंभरच्या वर स्टेशनं गेली की कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. नुसतं वर्तुळ छापा, फांद्या सोडून द्या.

सरावाला १३ घ्या. एकूण ५२ यायला हवेत, ४० आणि १२ अशा दोन वर्तुळांत. ते जुळलं की ६१ कडे जा. एकूण १८८, वर्तुळं १४४ आणि ४४. १४४ वाल्या वर्तुळाची एक प्रदक्षिणा केली की जे उत्तर पडतं ते असं:

१७६६३१९०४९² − ६१ × २२६१५३९८०² = १

फर्माने १६५७ मध्ये हाच ६१ युरोपातल्या गणितज्ञांपुढे कोडं म्हणून टाकला होता. भास्कराचार्यांनी हे उत्तर बाराव्या शतकातच काढून ठेवलं होतं, आणि त्यांच्या पद्धतीचं नाव चक्रवाल. मी १४४ ची शीट तीन कागद चिकटवून काढली. फेविकॉल वाळेपर्यंत ग्लास पाच लागले.